जोर्वे, दायमाबाद, इनामगाव आणि ‘संस्कृती’ या शब्दाचा गुंता : थोडी पार्श्वभूमी

महाराष्ट्रातली पहिली शेतकरी वस्ती म्हटलं की तीन गावांची नावं येतात, जोर्वे, दायमाबाद आणि इनामगाव. शाळेच्या पुस्तकात यांचा एखादा परिच्छेद असतोच, त्यामुळे ताम्रपाषाणयुग म्हणजे दगडाच्या हत्यारांसोबत थोडं तांबंही वापरात आलेला काळ, याहून जास्त इथे परत सांगत बसत नाही. त्याआधीच्या लाखो वर्षांबद्दलही थोडक्यातच. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या, त्या राखेचं वय किती यावर अजूनही भांडण आहे, कुणी तिला काही लाख वर्षं जुनी म्हणतं तर कुणी 75 हजारांच्या आसपास. तो विषय स्वतंत्र आहे. मला बोलायचंय ते माणूस एका जागी बसला, जव पेरायला लागला, घराच्या जमिनीत पेव खणून धान्य साठवायला लागला तिथपासून पुढचं.

सुरुवात शब्दापासूनच करावी लागते कारण सगळा गोंधळ तिथे आहे. मराठीत आपण ‘सिंधू संस्कृती’ म्हणतो आणि ‘जोर्वे संस्कृती’ पण म्हणतो. हिंदीवाले सिंधूला ‘सभ्यता’ म्हणतात आणि जोर्वेला ‘संस्कृति’, म्हणजे त्यांच्याकडे दोन खण आहेत. आपल्याकडे सभ्यता म्हणजे वागण्यातली सभ्यता हाच अर्थ आधी डोक्यात येतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या. आता सिंधूकडे शहरं होती, आखलेले रस्ते, गटारं, मुद्रा, वजनं, लिपी. जोर्वेकडे यातलं काहीच नव्हतं, गावं होती, फार तर काही मोठी गावं. पुरातत्त्ववाले ‘संस्कृती’ म्हणतात तेव्हा त्यांना फक्त एवढंच म्हणायचं असतं की एका ठरावीक काळात, ठरावीक भागात, एकाच धाटणीची भांडी, एकाच पद्धतीची घरं, एकाच तऱ्हेची दफनं परत परत मिळतायत. बस. त्यात मोठेपणा-छोटेपणाचा काही दावा नाही. पण वाचणारा माणूस ‘संस्कृती’ वाचतो आणि त्याला राजा, राजधानी, देवळं, भाषा असं सगळं दिसायला लागतं, मग ‘आमचीही सिंधूइतकीच जुनी संस्कृती होती’ असे मेसेज फिरायला लागतात, आणि दुसऱ्या बाजूने ‘कसली संस्कृती, कुडाच्या झोपड्या होत्या’ अशी उत्तरं येतात. दोन्ही बाजू एकाच शब्दावर घसरलेल्या असतात असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

त्यातच दुसरा शब्द येतो, ‘उत्तर’. उत्तर हडप्पा, उत्तर जोर्वे. इथे उत्तर म्हणजे नंतरचा, दिशा नाही. पण मी स्वतः कित्येक वर्षं ‘उत्तर हडप्पा’ म्हणजे हडप्पाचा उत्तरेकडचा भाग असंच समजत होतो, आणि मग तो दायमाबादला, इतक्या दक्षिणेत, कसा आला हे काही केल्या कळत नव्हतं. आजही मुलांना शिकवताना हा शब्द फोड करून सांगितला जात नाही. जिथे जमेल तिथे सरळ ‘नंतरचं जोर्वे’ म्हणावं, मी तरी पुढे तेच वापरतो.

आणि तिसरा शब्द म्हणजे ताम्रपाषाणयुगातला ‘ताम्र’. नावात तांबं आधी असल्यामुळे असं वाटतं की हे लोक तांब्याची हत्यारं घेऊन शेतात जात होते. तसं नव्हतं. तांबं महाग आणि दुर्मिळ होतं. रोजचं कापणं, खरवडणं, कापणी हे सगळं गारेसारख्या दगडाच्या छोट्या धारदार पात्यांनी व्हायचं, आणि अशी पाती या साईट्सवर हजारोंनी मिळतात. तांब्याच्या वस्तू मात्र मोजक्या, मणी, बांगड्या, क्वचित कुऱ्हाड. जोर्व्यालाच तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या म्हणून गाजावाजा झाला. चांडोलीला दोन शिंगांसारखी मूठ असलेला तांब्याचा खंजीर मिळाला. नेवाशाला एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि गंजलेल्या मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते, त्यामुळे हे लोक सूत कातत होते हे कळलं. ज्या घराने आपल्या पोराला तांब्याच्या माळेसकट पुरलं त्या घराला ती माळ किती किमतीची असेल याचा विचार केला की नुसतं वाचतानाही गलबलतं.

आता क्रम. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव, तिथे 1950-51 ला उत्खनन झालं आणि लाल-केशरी लेप दिलेली, वर काळ्या रंगाने भौमितिक नक्षी काढलेली, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी भांडी निघाली. कंबरेला कोन असलेले वाडगे आणि तोटीची भांडी ही त्यांची ओळख. पहिली ठळक ओळख या गावात पटली म्हणून गावाचंच नाव संस्कृतीला दिलं, पुरातत्त्वात हा रिवाजच आहे. म्हणून जोर्वे गाव त्या लोकांची राजधानी वगैरे होतं असं अजिबात नाही, उलट जोर्वे ही तशी लहान वस्ती. मग नाशिक, नेवासे, चांडोली, प्रकाशे, बहाळ अशा ठिकाणी तीच भांडी सापडत गेली. आज अशा दोनशेच्या वर जागा माहीत आहेत, तापी, गोदावरी-प्रवरा आणि भीमा या खोऱ्यांमध्ये. कोकणात नाहीत, विदर्भाच्या बऱ्याचशा भागात नाहीत.

या जागा सापडल्या कशा तर पांढरीमुळे. गावाकडे शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढर म्हणतात हे खेड्यात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. जिथे शेकडो वर्षं घरं पडली, राख साठली, पुन्हा घरं बांधली तिथे पांढुरक्या मातीचं टेकाड तयार होतं. धाब्याच्या घरांवर टाकायला लोक पिढ्यान्पिढ्या हीच माती नेत आले आणि त्यात खापरं निघायची. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घराची माती शंभर वर्षांपूर्वीच्या घराच्या छतावर. आता धाब्याची घरं गेली पण जेसीबी आले, टेकाड सपाट करून ऊस लावला की विषय संपतो. अशा किती पांढरी नुसत्या लेव्हलिंगमध्ये गेल्या असतील याचा हिशोब कुणाकडेच नाही, आणि हे मला या सगळ्या वादांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

दायमाबाद हे श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठीच, 1958 ला नोंदलं गेलं. तिथे एकावर एक पाच थर मिळाले, सर्वात खाली सावळदा, मग नंतरचं हडप्पा, मग दायमाबादचा स्वतःचा थर, मग माळवा आणि वर जोर्वे (सावळदा आणि माळवा याही अशाच भांड्यांवरून ओळखलेल्या संस्कृती). ढोबळमानाने इ.स.पू. 2200 ते 1000. हडप्पा थरात लिपीची चिन्हं असलेल्या मुद्रा आणि खापरं मिळाली म्हणून ते हडप्पाचं दक्षिणेकडचं टोक मानलं जातं. पण दायमाबाद घराघरात पोचलं ते 1974 ला, झाडाच्या मुळाशी खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला चार भरीव ब्राँझची शिल्पं मिळाली तेव्हा. बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून 60 किलोच्या वर वजन. आणि इथेच पेच आहे. ती ट्रेंचमध्ये, म्हणजे उत्खननाच्या खड्ड्यात, थरात मिळाली नाहीत, त्यामुळे कुठल्या काळाची हे वस्तू स्वतः सांगत नाही. उत्खनन करणाऱ्यांनी नंतर तिथेच खणून ती हडप्पा थराच्या पातळीशी जोडली आणि तीच तारीख पुस्तकात गेली. आक्षेप घेणारे म्हणतात की धातूत आर्सेनिक एक टक्क्याच्या वर आहे, त्या काळच्या बाकीच्या वस्तूंमध्ये तसं दिसत नाही, आणि घडणीचं जवळचं नातं दाखवता येईल असं दुसरं काही मिळत नाही. माझं मत आक्षेपाच्या बाजूला थोडं झुकतं, कारण वर म्हटलं तसं ज्या समाजात तांब्याचा मणी मौल्यवान तिथे 60 किलो ब्राँझ एका खड्ड्यात हे सहज पटत नाही. पण मोठी मोजकी माणसं किंवा मोठं देवस्थान असेल तर तेही होऊ शकतं. तारीख काही का असेना, रथातल्या त्या माणसाच्या आणि बैलांच्या घडणीसमोर उभं राहिलं की पाय हलत नाही.

इनामगाव मात्र वेगळं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी, पुण्यापासून 80-90 किलोमीटरवर. आधीची बहुतेक उत्खननं उभी होती, म्हणजे खोल खड्डा घ्यायचा, थर मोजायचे, क्रम लावायचा. त्यातून कोण आधी कोण नंतर ते कळतं, माणसं कशी राहायची ते कळत नाही. 1968 ला इथे ठरवलं की आडवं खणायचं, मोठं क्षेत्र उघडायचं, घर पूर्ण दिसलं पाहिजे, आणि ते काम 1983 पर्यंत चाललं. 130 च्या वर घरं उघडी झाली. माझ्या मते महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच, कारण आज आपल्याला या लोकांचं अंगण, चूल, पेव, कणगीचा चौथरा, दोन घरांमधला बोळ इथपर्यंत माहिती आहे ती यामुळेच.

इ.स.पू. 1600 च्या आसपास माळवा पद्धतीची भांडी वापरणारे लोक तिथे राहायला लागले, 1400 ला जोर्वे पद्धत आली. ‘आली’ म्हटलं की लोकांना टोळ्या चालून आल्या असं वाटतं पण घरं तीच राहिली, चौकोनी, कुडाच्या भिंती मातीने लिंपलेल्या, भांडी तेवढी बदलत गेली. जव हे मुख्य पीक, गहू, मसूर, वाटाणा, हुलगे. नदीच्या पुराचं पाणी वळवायला साधारण 200 मीटर लांब पाट खणलेला आणि बाजूने दगडमातीचा बांध घातलेला, म्हणजे कुणीतरी गावाला एकत्र कामाला लावत होतं. कुंभार, सोनार अशी कारागिरांची घरं गावाच्या पश्चिम बाजूला. मधोमध एक पाच खोल्यांचं घर आणि त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार.

त्या घराच्या अंगणात चार पायांचा, पोट फुगलेला कच्च्या मातीचा रांजण पुरलेला होता आणि त्यात चाळिशीतला पुरुष बसवलेला. बाकीच्या मोठ्या माणसांना सरळ झोपवून, डोकं उत्तरेला करून पुरायचे आणि घोट्याखाली पाय तोडायचे, मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून असेल असा अंदाज आहे. याचे पाय मात्र शाबूत. लहान मुलांना दोन घागरी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घरातच, जमिनीखाली. यावरून तो माणूस गावाचा मुखिया, तिथे मुखियांची सत्ता होती, कर धान्यात घेतला जायचा, मुलाकडे गादी जायची असं एक संपूर्ण चित्र मांडलं गेलं. एक घर, एक कोठार आणि एक रांजण यावर इतकं उभं करायचं का हा प्रश्न रास्त आहे. पण पाट आणि कोठार बघता गावात कुणाचा तरी शब्द चालत होता एवढं मला मान्य आहे, त्याला राजा म्हणायची गरज नाही.

इ.स.पू. 1000 च्या सुमारास पाऊसमान बिघडलं असं मानतात. गोदावरी-प्रवरा आणि तापी खोऱ्यातल्या वस्त्या ओस पडल्या, दायमाबादसकट, आणि त्या वेळी दायमाबाद सुमारे 30 हेक्टरवर पसरलेलं, बाजूने मातीची तटबंदी असलेलं गाव होतं. भीमा खोऱ्यात मात्र लोक टिकून राहिले, हेच ते नंतरचं जोर्वे. मोठी चौकोनी घरं गेली आणि छोट्या गोल झोपड्या आल्या, तीन-चार मिळून एका अंगणाभोवती. शेती कमी, शिकार आणि जनावरं जास्त, भांडी जाडीभरडी. याला सगळीकडे ‘ऱ्हास’ लिहिलेलं असतं, पण ऱ्हास म्हणजे तीनशे वर्षं, म्हणजे साधारण बारा पिढ्या, इतकी माणसं त्या कोरड्या मुलुखात जगली आणि त्यांनी आपल्या मुलांना तशाच दोन घागरींत, तसंच घराच्या आत पुरलं. घराचा आकार बदलला, रीत नाही बदलली.

इ.स.पू. 700 ला इनामगावही सुटलं. नंतर नेवाशाला पुन्हा माणसं आली ती मधे मोठा खंड पडल्यावर, त्यांच्याकडे लोखंड होतं, पुढे सातवाहनांची नाणी होती, रोमन व्यापाराचा माल होता. मधल्या काळात जोर्वेचे लोक कुठे गेले, कोणात मिसळले यावर बरंच लिहिलं जातं आणि प्रत्येकाला आपलाच पूर्वज त्यात सापडतो. जमिनीत मात्र एवढंच दिसतं की वरच्या थरात लोखंड आहे, चौकोनी घरं आहेत, आणि ते लाल-केशरी, खणखणीत वाजणारं रंगवलेलं भांडं पुन्हा कुठेच नाही.