माहजाँग शिकणे

माहजाँग हा चार जणांनी टेबलाभोवती बसून खेळायचा चिनी सोंगट्यांचा खेळ. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व चीनमधल्या निंगबो आणि आसपासच्या भागात त्याला आजचे रूप आले, असे सामान्यतः मानले जाते. निंगबोच्या तिआनयी ग्रंथालयाच्या आवारात या खेळाचे संग्रहालयही आहे. संगणकावर किंवा मोबाइलवर एकसारख्या दोन-दोन सोंगट्या उचलून ढीग मोकळा करायचा जो खेळ याच नावाने ओळखला जातो, तो वेगळा. तो १९८१ साली ब्रोडी लॉकर्ड यांनी तयार केला आणि एकट्याने खेळायचा आहे. मूळ खेळाशी त्याचे नाते सोंगट्यांवरच्या चित्रांपुरतेच.

पूर्ण संचात १४४ सोंगट्या असतात. वर्तुळे, बांबू आणि अक्षरे या तीन रंगांत १ ते ९ आकडे, प्रत्येक सोंगटी चार वेळा, म्हणजे १०८. त्यांत चार दिशांचे वारे (१६), लाल, हिरवा व पांढरा असे तीन ड्रॅगन (१२) आणि फुले-ऋतूंच्या ८ सोंगट्या मिळवायच्या. हे तीन रंग जुन्या चिनी पैशांवरून आले आहेत. वर्तुळे म्हणजे नाणी, बांबूच्या काड्या म्हणजे मुळात नाण्यांच्या माळा आणि अक्षरे म्हणजे दहा-दहा हजारांच्या रकमा. शिकणाऱ्याची पहिली अडचण इथेच येते. बांबूच्या एक्क्यावर काडी नसते, पक्षी असतो. पांढरा ड्रॅगन पुष्कळ संचांत कोरा असतो किंवा त्यावर नुसती चौकट असते. अक्षरांच्या रंगात १, २, ३ हे आडव्या रेघांवरून लगेच कळतात. ४ पासून मात्र चिनी आकडे पाठच करावे लागतात. कोपऱ्यात इंग्रजी आकडे छापलेला संच मिळाला तर नि:संकोच तोच घ्यावा. अमेरिकेत १९२०च्या दशकात हा खेळ लोकप्रिय करणाऱ्या जोसेफ बॅबकॉक यांनीही आपल्या संचांवर असे आकडे घातले होते.

सोंगट्या पालथ्या करून टेबलावर दोन्ही हातांनी कालवतात. मग प्रत्येक जण आपल्यासमोर दुमजली भिंत रचतो, १८ जोड्यांची. फासे टाकून भिंत कुठे फोडायची ते ठरते. प्रत्येकाला १३ सोंगट्या मिळतात. पूर्वेला बसलेला वाटपी असतो, त्याला १४ मिळतात आणि डावाची सुरुवातही तोच एक सोंगटी टाकून करतो. पाळी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. आपल्या पाळीला भिंतीतून एक सोंगटी उचलायची आणि हातातली एक टाकायची. चार संच आणि एक जोडी, अशा १४ सोंगट्या आधी जुळवेल तो जिंकतो. तीन सलग किंवा तीन सारख्या सोंगट्या म्हणजे एक संच.

तेरा पानांची रमी खेळणाऱ्याला हे ऐकताच घरच्यासारखे वाटते आणि शिकण्याचा निम्मा वेळ खरोखरच वाचतो. पण रमीची सवय काही ठिकाणी आडवी येते. इथे सलग संच नेमका तीनचाच असतो. ४-५-६-७ असा लांबवता येत नाही. तीन सारख्यांचा संच एकाच रंगाचा असावा लागतो, तीन रंगांतल्या तीन सत्त्या चालत नाहीत. वारे आणि ड्रॅगन यांचा क्रम लागत नाही.

दुसऱ्याने टाकलेली सोंगटी मागून घेता येते, आणि त्याचे नियम सुरुवातीलाच पक्के करावेत. सलग संचासाठीची मागणी म्हणजे ‘चाव’. ती फक्त आपल्या डावीकडच्या खेळाडूच्या सोंगटीवर करता येते. तीन सारख्यांसाठी ‘पंग’ आणि चारांसाठी ‘काँग’ मात्र कोणाच्याही सोंगटीवर म्हणता येते, मग मधल्यांची पाळी हुकली तरी चालते. काँग झाल्यावर भिंतीच्या मागच्या टोकाकडून एक जादा सोंगटी उचलायची. मागून केलेला संच उघडा मांडावा लागतो आणि पुढे मोडता येत नाही. म्हणून मिळेल ते मागत सुटणे चांगले नाही. हात लवकर भरल्यासारखा वाटतो, पण वाटा बंद होतात आणि आपला बेत समोरच्यांना दिसतो.

खरा खेळ काय टाकायचे यात आहे. समजा हातात वर्तुळांचे २-३-४, अक्षरांचे तीन पंजे, बांबूचे ६-७, लाल ड्रॅगनची जोडी, आणि सुटे म्हणून बांबूचा १, अक्षरांचा ९ व उत्तरेचा वारा आहे. भिंतीतून वर्तुळांचा ८ आला. आधी उत्तरेचा वारा जाऊ द्यावा. तो आपला (आपण बसलेल्या दिशेचा) किंवा फेरीचा (चालू फेरीला ज्या दिशेचे नाव असते तिचा) वारा नसेल तर त्याचे गुण नाहीत आणि त्याला शेजारीही नाही. मग टोकाचे १ आणि ९. आठ थोडा वेळ ठेवावा, त्याच्या जवळ ७ किंवा ९ येऊ शकतो. ड्रॅगनची जोडी शक्यतो फोडू नये, तिसरा आला तर गुण मिळतात. बांबूच्या ६-७ ला ५ किंवा ८ चालतो, म्हणजे आठ सोंगट्या; त्या जागी ६-८ असते तर केवळ ७ ची वाट पाहावी लागली असती, म्हणजे चार. हा हिशेब बोटांवर बसला की नवखा माणूस खेळाडू होऊ लागतो.

गुणांची मोजणी मात्र पहिल्या बैठकीत शिकवू नये. नवी माणसे तिथेच कंटाळून उठतात. चार-सहा डाव नुसते जुळवण्यासाठी खेळावेत आणि मग गुणांकडे वळावे. वळावे लागतेच, कारण हाँगकाँगच्या पद्धतीत जिंकायला बऱ्याचदा किमान तीन ‘फान’, म्हणजे हाताच्या गुणांची एकके, लागतात. बिनगुणाच्या जुळलेल्या हाताला तिथे ‘कोंबडी’ म्हणतात.

कोणत्या पद्धतीने खेळायचे हे बसण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण एका टेबलावरचे नियम दुसऱ्यावर चालतीलच असे नाही. चीनच्या क्रीडा खात्याने १९९८ साली ठरवलेल्या स्पर्धा-नियमांत ८१ प्रकारचे गुण आहेत आणि जिंकायला किमान आठ गुण लागतात. जपानी ‘रीची’ फुलांशिवाय १३६ सोंगट्यांवर चालते. तिथे आपल्याला हवी असलेली सोंगटी आपणच आधी टाकलेली असेल, तर दुसऱ्याच्या सोंगटीवर जिंकता येत नाही. तैवानमध्ये हातात १६ सोंगट्या धरतात. सिच्वानमध्ये वारे-ड्रॅगन काढून १०८ वर खेळतात आणि ‘चाव’ची मुभाच नसते. अमेरिकेत १९३७ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना दर वर्षी मान्य हातांचे नवे कार्ड काढते, शिवाय तिथे जोकरही असतात. घरगुती शिकवणीला हाँगकाँगची पद्धत सर्वांत सोयीची.

भारतात हा खेळ सैन्यदलांतील अधिकाऱ्यांच्या कुटुंबांत आणि मुंबईतल्या काही मंडळींत खेळला जातो. चौथा भिडू मिळेना तर जपानमध्ये तिघांचा डावही मांडतात; त्यात अक्षरांचे २ ते ८ बाजूला काढतात आणि उरलेल्या १०८ सोंगट्यांवर खेळतात.