गड, वाडे, इमारतींचं ड्रोन शूटिंग: पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रं

"मॅपवर ग्रीन झोन दिसतोय, मग उडवू ना?" ड्रोनवाल्यांचा हा नेहमीचा प्रश्न. उत्तर अर्धंच 'हो' आहे. आकाशाची परवानगी वेगळी, खालच्या वास्तूची वेगळी. पहिली डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, अखत्यारीत येते. दुसरी वास्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून घ्यावी लागते. एकाचा कागद दुसऱ्याकडे चालत नाही.

म्हणून अ‍ॅडव्हान्स घ्यायच्या आधी जागा नकाशावर बघा. 'ड्रोन नियम, 2021' नुसार डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर देशाचा हवाई नकाशा आहे. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत (120 मीटर) उडवायला आगाऊ परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या टापूत हीच मर्यादा 200 फुटांवर येते. 5 ते 8 किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा पट्टा सुरू होतो आणि तिथे एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, परवानगी लागते. लाल पट्ट्यासाठी थेट केंद्र सरकारची मंजुरी हवी. लग्नाच्या किंवा बिल्डरच्या व्हिडिओसाठी तो नाद सोडलेलाच बरा.

नकाशा शूटिंगच्या दिवशी सकाळी पुन्हा उघडा. पोलीस किंवा राज्य सरकार एखाद्या भागाला एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल पट्टा ठरवू शकतात. मुंबईत तर पोलिसांचे ड्रोनबंदीचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात. आदेश लागू असेल तर पोलिसांच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन पिशवीतून काढूच नका, नकाशाचा रंग कुठलाही असो.

हे 400 फूट मोजायचे ते ड्रोनखालच्या जमिनीपासून. रिमोटच्या स्क्रीनवर दिसते ती टेक-ऑफच्या जागेपासूनची उंची. सपाटीवर दोन्ही आकडे जवळपास सारखेच. पण रायगडावर टकमक टोकावरून ड्रोन कड्याबाहेर काढलात की स्क्रीनवर 50 फूट दिसत असतात आणि खाली जमीन शेकडो फूट खोल गेलेली असते. कड्याबाहेरून गडाकडे वळणारा शॉट सगळ्यांनाच हवा असतो, आणि मर्यादा मोडते ती नेमकी तिथेच.

आता पात्रता. ड्रोनचा वर्ग वजनावर ठरतो: 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत स्मॉल. नॅनो उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोला हौसेपुरती सूट आहे. पैसे घेऊन शूट करणार असाल तर प्रमाणपत्र हवंच. वय 18 ते 65, शिक्षण किमान दहावी पास आणि डीजीसीए-मान्य संस्थेतलं प्रशिक्षण, एवढ्या अटी. सरकारी फी 100 रुपये, मुदत 10 वर्षं. खरा खर्च प्रशिक्षणाचा. 2023 च्या दुरुस्तीनंतर पासपोर्टची सक्ती गेली; मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं.

249 ग्रॅमचा ड्रोन घेतला की सुटलो, असं समजू नका. वजन धरतात ते उड्डाणाच्या वेळचं. मोठ्या क्षमतेची बॅटरी किंवा पंख्यांचे गार्ड लावले की तोच ड्रोन मायक्रोत जातो. शिवाय नॅनोची सूट पायलटचं प्रमाणपत्र, टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या मॉडेलला मिळणारी मान्यता) आणि विम्यापुरती आहे; लाल-पिवळे पट्टे त्यालाही तसेच लागू.

नॅनोसकट प्रत्येक ड्रोनची नोंदणी करून यूआयएन, म्हणजे ड्रोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. अर्जाचा नमुना डी-2, फी 100 रुपये. टाइप सर्टिफिकेटचा क्रमांक, ड्रोनचा, फ्लाइट कंट्रोलरचा आणि रिमोटचा सिरियल नंबर जवळ ठेवा. मायक्रो आणि त्यावरच्या ड्रोनला थर्ड पार्टी विमाही लागतो. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे. त्यामुळे कुणी "बाहेरून आणलाय, स्वस्तात देतो" म्हणाला तर आधी यूआयएन विचारा.

वास्तूच्या परवानगीत मालक कोण, हे शोधण्यातच निम्मं काम आहे. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, प्रतापगड आणि खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. पुण्यातला शनिवारवाडा पुन्हा केंद्राकडे. केंद्राच्या स्मारकांसाठी चित्रीकरणाचा अर्ज नमुना 9 मध्ये करायचा असतो. त्यात स्मारकाचा कोणता भाग, कशासाठी, किती माणसं, किती दिवस हे लिहून संहितेतला संबंधित भाग जोडावा लागतो. "सिनेमॅटिक शॉट्स" एवढंच लिहून भागत नाही. ड्रोन वापरणार असल्याचं अर्जात स्पष्ट लिहा. छताखालच्या भागात चित्रीकरणाला नियमच परवानगी देत नाही, तेव्हा कमानीतून आत शिरणारा शॉट संहितेतूनच काढा.

हरिश्चंद्रगड, वासोटा यांसारखे गड अभयारण्यात येतात. तिथे वन विभागाचीही परवानगी लागते.

खासगी इमारतीसाठी बिल्डरचं किंवा सोसायटीचं ना हरकत पत्र घ्या. टॉवर शूट करताना शेजारच्या खिडक्या फ्रेममध्ये येतात, म्हणून समोरच्या सोसायटीलाही दिवस-वेळ कळवलेली बरी. वॉचमनशी हुज्जत वाचते.

मोठ्या युनिटला राज्यात गोरेगावच्या चित्रनगरीतल्या राज्याच्या चित्रपट महामंडळाची एक खिडकी योजना सोयीची पडते. तरीही पायलटची आणि ड्रोनची कागदपत्रं तुमची तुम्हालाच जमवावी लागतात. लोकेशनवर जाताना प्रमाणपत्र, यूआयएन, विमा आणि परवानगीपत्राच्या छापील प्रती न्या. गडावर रेंज असेलच असं नाही. अपघात झाला तर डीजीसीएला 48 तासांत कळवावं लागतं, आणि नियमभंगाचा दंड 1 लाख रुपयांपर्यंत जातो.