गोव्यातील जुन्या मोटारी : दुरुस्ती आणि जतन

जुनी मोटार मिळवून ती चालती करणे, शक्य तितक्या मूळ रूपात जपणे आणि अधूनमधून रस्त्यावर काढणे, असा हा छंद आहे. कोरड्या हवेच्या प्रदेशात बंद शेडमध्ये वीस वर्षे पडलेली गाडी बऱ्यापैकी शाबूत निघते. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिमी पाऊस पडतो आणि किनाऱ्यावर बाराही महिने खारे वारे असतात. इथे तेवढ्याच काळात गाडीचा तळ गळून पडतो. त्यामुळे इथल्या छंदात इंजिनापेक्षा पत्र्यावर जास्त वेळ जातो आणि कामाचे वेळापत्रक पावसाळा ठरवतो.

गोव्यात जुन्या गाड्या आल्या त्या वेगळ्या वाटेने. 1950 च्या दशकात भारतात मोटारींच्या आयातीवर कडक बंधने होती. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात मात्र खनिज निर्यातीचा पैसा होता आणि परदेशी माल उतरत होता. मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन अशा गाड्या इथल्या घरांत आल्या. मर्सिडीज 180डी तर टॅक्सी म्हणूनही वर्षानुवर्षे धावली. 19 डिसेंबर 1961 नंतर भारताचे आयात नियम गोव्यालाही लागू झाले आणि परदेशी सुटे भाग दुर्मीळ झाले. तेव्हापासून या गाड्या जगल्या त्या लेथवाल्यांच्या आणि पत्र्याचे काम करणाऱ्या मेस्तांच्या हातावर. बुश, पिन, पंपाचे शाफ्ट इथेच घडवले गेले. जुन्या गाडीत असा हाताने घडवलेला भाग सापडला आणि तो झिजलेला नसेल, तर तो काढून टाकू नये. गाडीच्या इतिहासाचा तोही एक पुरावा आहे.

डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी म्हणजे पोर्तुगीज काळातली, हा समज बरोबर नाही. पोर्तुगालने 1928 मध्ये उजव्या बाजूने वाहतूक सुरू केली, पण शेजारचा ब्रिटिश मुलूख डावीकडून चालत असल्याने गोव्यात वाहतूक डाव्या बाजूनेच चालू राहिली. म्हणून स्टिअरिंगच्या बाजूवरून गाडीचा काळ ठरत नाही.

व्याख्या आणि नोंदणी. ‘व्हिंटेज’ हा शब्द बोलण्यात सैलपणे वापरला जातो. काटेकोर अर्थाने 1919 ते 1930 या काळात बनलेल्या गाड्या व्हिंटेज होत. 1966 मध्ये स्थापन झालेला फिवा हा आंतरराष्ट्रीय महासंघ किमान 30 वर्षे जुन्या आणि रोजच्या वापरात नसलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन मानतो. भारतात जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुन्या, बिगरव्यापारी दुचाकी आणि चारचाकी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, पुनर्नोंदणीचे 5,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. डिझेल इंजिन बसवून घेतलेली जुनी पेट्रोल गाडी इथेच अडते.

गाडी बघताना. वरच्या रंगावर जाऊ नये. फ्रिजवर लावतात तसले लहान चुंबक रुमालात गुंडाळून दारांचा खालचा भाग, मडगार्डच्या कडा आणि दाराखालची पट्टी यांवरून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली असते. चटया उचलून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तळ दाबावा. टोक आत गेले तर तो पत्रा कापूनच काढावा लागेल. दार उघडताना किंचित वर उचलावे लागत असेल तर बिजागरीपेक्षा खांबाचा पाया सडल्याची शक्यता जास्त असते. चासीवर ठोकलेला नंबर आरसी पुस्तकाशी अंकन् अंक जुळला पाहिजे. कागद अपुरे असतील तर गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते. बंद इंजिनाची भीती बाळगू नये, सडलेल्या पत्र्याची बाळगावी.

गंज. गंज बाहेरून आत येतो असे वाटते, पण बहुतेक वेळा तो आतून बाहेर येतो. दारांच्या तळाशी आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. तांबडी माती आणि सुकलेला पाला यांनी ती बुजतात, पाणी आत साचते आणि बाहेर पहिला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो. म्हणून फोड घासून वर लांबी भरणे हे काम नव्हेच. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापावा, त्याच जाडीचा नवा तुकडा घडवून थोडे थोडे टाके देत वेल्डिंग करावे. एकसलग वेल्डिंग केल्यास पत्रा तापून लाटा धरतो. लांबी फक्त पृष्ठभाग सपाट करण्यापुरती, 2 मिमीच्या आत. पोकळ भागांत शेवटी मेणयुक्त गंजरोधक फवारावे, पण भोके उघडी ठेवून.

ब्रॅकेट, बिजागऱ्या, बोल्ट असे सुटे लोखंडी भाग विजेने स्वच्छ करता येतात. प्लास्टिकच्या टबात दर 4 लिटर पाण्यास मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवावा. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडाच्या टाकाऊ तुकड्याला जोडावी. दोन्ही तुकडे एकमेकांना लागू देऊ नयेत. रात्रभरात गंज काळ्या गाळासारखा सुटतो आणि ब्रशने निघतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. हायड्रोजन वायू निघत असल्याने हे काम उघड्यावर करावे. ॲल्युमिनियमचे भाग आणि कार्बोरेटर या टबात खराब होतात. स्प्रिंगा ठिसूळ होतात. बाहेर काढलेला भाग धुऊन लगेच वाळवून प्रायमर मारावा. ऑगस्टच्या दमट हवेत उघड्या लोखंडावर तासाभरात पिवळी झाक येते.

झोपलेले इंजिन. जाम झालेली गाडी दोरी बांधून ओढत सुरू करू नये. अडकलेली रिंग तुटते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये एसिटोन आणि गिअर-स्टिअरिंगचे एटीएफ तेल यांचे समभाग मिश्रण 30–40 मिली ओतावे आणि आठवडाभर मुरू द्यावे. आग जवळ नको. मग हँडलने मागे-पुढे हलवत हळूहळू सोडवावे. सुटल्यावर ऑइल चेंबर उतरवून तळाची चिकट घाण काढावी. नवे ऑइल भरावे आणि प्लग न लावताच प्रेशर येईपर्यंत इंजिन फिरवावे. कॉम्प्रेशन मोजल्यावर सिलिंडरांत 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग-पिस्टन, न वाढला तर व्हॉल्व्ह. एवढ्या परीक्षेने अनेकदा पूर्ण बोअरिंगचा खर्च वाचतो.

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) उघडझाप करणाऱ्या पॉइंटमध्ये 0.014 ते 0.016 इंच फट ठेवतात. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. सवयीने ऋण टोक जोडले की डायनॅमोची चार्जिंग बिघडते. 6 व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच कामाला दुप्पट अँपिअर लागतात. तिथे 12 व्होल्टच्या जाडीची वायर टाकली की सेल्फ मंद फिरतो आणि दोष उगाच बॅटरीला दिला जातो.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर फुगवते आणि हवेतला ओलावा शोषते. पाणी वाढले की ते वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि टाकी तिथूनच गंजते. पेट्रोल पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत.

ब्रेक आणि पुढची चाके. ब्रेक ऑइलही ओलावा ओढते, म्हणून गोव्यात ते दरवर्षी बदलावे. जुन्या रबरी ब्रेक पाइपचा एक दोष फसवा असतो. बाहेरून तो ठीक दिसतो, पण आतून फुगून बारीक झालेला असतो. पाय दाबला की ऑइल जोराने पुढे जाते, पाय सोडल्यावर मागे येत नाही. चाक धरून राहते आणि ड्रम हात लावू देत नाही. मेकॅनिक ब्रेक शू घासत बसतो, तरी दोष तसाच राहतो. ब्लीडिंग निपल (चाकापाशी असलेली, ब्रेकमधली हवा काढण्याची तोटी) किंचित उघडल्यावर चाक सुटले, पण मास्टर सिलिंडरकडचा जोड सैल करून सुटले नव्हते, तर दोष त्या रबरी पाइपातच आहे.

मॉरिस मायनर या ब्रिटिश गाडीच्या पुढच्या चाकांना आटे असलेले ट्रुनियन (चाक वळते तो सांधा) असतात. ग्रीस वेळेवर दिले नाही की आटे झिजतात आणि एखाद्या वळणावर खालचा भाग सुटून चाक आडवे होते. चाक जॅकवर उचलून ग्रीस द्यावे, म्हणजे ते आट्यांत शिरते. जमिनीवर टेकलेल्या गाडीत ते वरच्या वर बाहेर येते.

रंग. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने रंगाचे. दमट हवेत ड्युको (थिनरमध्ये पातळ करून फवारायचा रंग) मारला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरते आणि रंगावर पांढुरकी साय येते. मूळ रंग डॅशबोर्डखाली किंवा मागच्या सीटखाली सापडतो. तिथला थोडा भाग तसाच राखून ठेवावा.

पावसाळ्यातली साठवण. गाडीवर ताडपत्री किंवा प्लास्टिक घालणे ही सर्वांत मोठी चूक आहे. आतला ओलावा तिथेच कोंडतो. सुती आच्छादन, वारा खेळता असलेली कौलारू शेड आणि टेकूंवर उचललेली चाके एवढे पुरते. बॅटरी काढून घरात ठेवावी. क्लच पेडल दाबून त्याच्या आणि सीटच्या मध्ये लाकडाची पट्टी अडकवावी. नाहीतर चार महिन्यांत क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. दर रविवारी पाच मिनिटे इंजिन सुरू करण्याची रीत घातक आहे. इंजिन तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून सडतो. सुरू करायचे तर अर्धा तास, नाहीतर मुळीच नको.

चालवणे. दसऱ्यानंतर गाड्या बाहेर निघतात. कांपाल ते दोनापावला हा सपाट रस्ता पहिल्या फेरीला उत्तम. बेतकी, सावईवेरे या बाजूच्या सावलीच्या वाटा तर या गाड्यांच्या चालीलाच शोभतात. अनमोड किंवा चोर्ला घाट चढताना पेट्रोल पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बसते. तेव्हा सेल्फ मारत बॅटरी संपवू नये. बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे, दहा मिनिटांत ती पुन्हा चालते. फेरीबोटीतून चोडण किंवा दिवाडीला जायचे तर ओहोटीची वेळ टाळावी. बोटीवर चढण्याची फळी तेव्हा तीव्र उताराची होते आणि सायलेन्सर घासतो. चाकांना लागलेले खारे पाणी घरी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावे, आणि दारांखालच्या भोकांतून तार फिरवून घ्यावी.