वॉरहॅमर ४०,००० मधले डेथ कल्ट

डेथ कल्ट म्हणजे वॉरहॅमर ४०,००० या ब्रिटिश टेबलटॉप वॉरगेमच्या, म्हणजे टेबलावर छोट्या मॉडेलनी खेळायच्या युद्धाच्या खेळाच्या, विश्वातले असे भक्तगट, ज्यांच्यासाठी माणूस मारणं हीच पूजा असते. हे भाडोत्री मारेकरी नव्हेत, सुपारी घेऊन काम करणारे तर नाहीच नाही, आणि मुख्य म्हणजे ते साम्राज्याचे शत्रूही नाहीत. अख्खं मानवी साम्राज्य ज्या सम्राटाला देव मानतं त्याच सम्राटाचे ते भक्त आहेत. नवीन लोक नेमकं इथेच गोंधळतात, त्यांना वाटतं कल्ट म्हटला की सैतानाचे पूजक असणार.

आधी थोडी पार्श्वभूमी. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने हा गेम १९८७ साली आणला, मूळ डिझायनर रिक प्रीस्टली. गोष्ट घडते आजपासून जवळपास ३८ हजार वर्षांनी. माणसाचं राज्य दहा लाख ग्रहांवर पसरलेलं, आणि त्याचा सम्राट पृथ्वीवर, तिथे तिला टेरा म्हणतात, सोन्याच्या सिंहासनाच्या यंत्रात १० हजार वर्षं ना धड जिवंत ना धड मेलेला असा बसून आहे. त्याच्यासाठी रोज १ हजार माणसांचा बळी जातो आणि ही गोष्ट कुणी लपवून ठेवलेली नाही, गेमच्या पुस्तकांच्या पहिल्याच पानावर हे छापलेलं असतं. बळी जाणारे सगळे सायकर, म्हणजे जन्मतः मानसिक शक्ती असलेले लोक. त्यांना ग्रहाग्रहांवरून काळ्या जहाजांत भरून आणतात.

यातली खरी शोकांतिका अशी की याच सम्राटाने जिवंतपणी धर्मावर बंदी घातली होती. लॉर्गार नावाच्या त्याच्या मुलाने त्याला देव ठरवणारा ग्रंथ लिहिला आणि ग्रहच्या ग्रह पूजेला लावले, तेव्हा सम्राटाने त्याचं लाडकं शहर मोनार्किया जाळून राख केलं आणि त्याला सगळ्या सैन्यासमोर गुडघ्यावर बसवलं. पुढे लॉर्गार दुखावून केऑसच्या, म्हणजे साम्राज्याच्या शत्रू असलेल्या सैतानी शक्तींच्या, देवांकडे गेला, सम्राट सिंहासनात अडकला, आणि त्या गद्दाराच्या ग्रंथातली शिकवण साम्राज्याचा राजधर्म होऊन बसली. म्हणजे डेथ कल्टवाला ज्याच्या नावाने गळे चिरतो त्याला स्वतःला देव म्हणवून घेणंसुद्धा मान्य नव्हतं.

आता या लोकांची श्रद्धा काय असते ते बघू. राजधर्माचा कारभार इक्लेझिआर्की नावाची चर्चसारखी संस्था बघते, पण दहा लाख ग्रहांवर एकच पूजाविधी चालवणं कुणालाच शक्य नाही, त्यामुळे मिशनरी एखाद्या ग्रहावर गेले की तिथलं जे काही दैवत असेल ते सम्राटाचंच रूप आहे असं सांगून मोकळे होतात. कुठे तो सूर्य, कुठे पूर्वज, कुठे शिकारी. जिथे आधीपासून नरबळीची प्रथा होती तिथे ती प्रथा तशीच राहिली, फक्त देवाचं नाव बदललं. आणि माझ्या मते डेथ कल्ट समजून घ्यायचा तर हाच मुद्दा पकडायला हवा, की ही राजधर्माची विकृती वगैरे नाहीये, हा राजधर्माचा सरळ निघणारा अर्थ आहे. सरकारच रोज हजार जीव देवाला देतंय आणि त्याला पवित्र म्हणतंय, तर मग एका गरीब ग्रहावरच्या भाविकाने आपल्या हाताने एक जीव दिला तर त्यात चूक काय असं त्याला वाटणारच ना.

प्रत्येक गटाची रीत वेगळी असते. काही गट मारलेल्याचं रक्त पितात, काहींसाठी स्वतःचं मरण हा सगळ्यात मोठा नैवेद्य. सगळ्यात तपशीलवार वर्णन मिळतं ते मोरिटाट या गटाचं, जो २००८ साली आलेल्या डार्क हेरसी या रोलप्लेइंग गेममधून लोकांना माहीत झाला. मोरिटाटवाले बंदूक वापरत नाहीत. त्यांच्या लेखी रक्त सांडलंच पाहिजे आणि ते पात्यानेच सांडलं पाहिजे, गोळीने किंवा विषाने मारलेला माणूस हा वाया घालवलेला बळी. जिथे एका बटणावर आख्खा ग्रह जाळता येतो अशा विश्वात हे लोक हातभर अंतरावर जाऊन, समोरच्याचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळून मारतात. त्यासाठी वर्षानुवर्षं अंग कमावतात, कसरतपटूसारखं लवचिक करतात, अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालतात आणि चिलखत जवळजवळ वापरतच नाहीत.

एक फरक लक्षात ठेवा. साम्राज्याचं अधिकृत मारेकरी खातं वेगळं आहे, त्याला ऑफिसिओ असॅसिनोरम म्हणतात. विंडिकेअर, कॅलिडस, एव्हर्सर, कुलेक्सस या त्याच्या शाखा, त्यांना टेंपल म्हणतात. ते लोक लहानपणापासून सरकारी ट्रेनिंगमध्ये घडवलेले असतात आणि टेराच्या सर्वोच्च मंडळाच्या हुकमाशिवाय हलत नाहीत. डेथ कल्टवाल्याच्या मागे असं कुठलंही खातं नसतं, तो एखाद्या हाइव्ह सिटीच्या, म्हणजे पोळ्यासारख्या थरावर थर रचलेल्या अवाढव्य शहराच्या, तळघरात किंवा जंगली ग्रहावर आपल्या गुरूकडे शिकलेला असतो. इंटरनेटवर या दोघांची सर्रास सरमिसळ होते.

चर्चने डेथ कल्टना चिरडून का टाकलं नाही, तर ते उपयोगी पडतात म्हणून. आंधळी श्रद्धा सत्तेच्या किती उपयोगी पडते हे कळायला इथे गोज व्हँडायरची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हा ३६व्या सहस्रकातला माणूस, आधी सरकारी प्रशासनाचा प्रमुख, मग कट करून धर्मप्रमुखही झाला, दोन्ही खुर्च्या एकाच्याच बुडाखाली. त्याला सान लिओर नावाच्या आडबाजूच्या ग्रहावर बायकांचा एक लढवय्या पंथ सापडला, सम्राटाच्या कन्या म्हणवणारा. बाहेरच्या जगाशी त्यांचा काही संबंध नव्हता आणि त्या याला मानायला तयार नव्हत्या. मग व्हँडायरने त्यांच्यासमोर आपल्याच एका अधिकाऱ्याला स्वतःवर गोळी झाडायला लावली. व्हँडायरच्या गळ्यात रोझारियस होता, म्हणजे अंगाभोवती संरक्षक कवच तयार करणारं धर्मगुरूंचं पदक. लखकन उजेड पडला आणि हा जसाच्या तसा उभा. त्या बायकांनी असं यंत्र कधी पाहिलंच नव्हतं, त्यांना वाटलं खुद्द सम्राटाची कृपा, आणि तिथल्या तिथे त्यांनी त्याच्यापुढे गुडघे टेकले. पुढे त्याच्या हुकमावर त्यांनी किती माणसं मारली असतील याला हिशोब नाही, त्या काळाचं नावच रक्ताचं राज्य असं पडलंय.

मला हा प्रसंग पूर्ण विश्वातला सगळ्यात भेदक वाटतो, कारण यात त्या बायका दुष्ट नाहीत, त्या मनापासून श्रद्धा ठेवणाऱ्या आहेत आणि त्यांची श्रद्धा एका बनवेगिरीला बांधलेली आहे. शेवटी सेबॅस्टियन थॉर या प्रवचनकाराच्या मागे लोक उभे राहिले, टेरावर वेढा पडला, आणि सम्राटाच्या अंगरक्षकांनी या पंथाची प्रमुख अलिशिया डॉमिनिका हिला आणि तिच्या सोबतिणींना थेट सिंहासनासमोर नेलं. तिथे काय झालं ते कधीच सांगितलेलं नाही. परत येऊन डॉमिनिकाने व्हँडायरचं मुंडकं उडवलं, आणि मला मरायला वेळ नाही, मी खूप बिझी आहे, हे त्याचे शेवटचे शब्द.

यानंतर चर्चला सशस्त्र पुरुष बाळगायला बंदी झाली. बंदीची शब्दरचना पुरुषांपुरती होती म्हणून त्याच पंथातून सिस्टर्स ऑफ बॅटल ही अधिकृत फौज उभी राहिली, आणि चर्चवर डोळा ठेवायचं काम इन्क्विझिशनच्या, म्हणजे साम्राज्यातले छुपे शत्रू हुडकणाऱ्या खात्याच्या, ऑर्डो हेरेटिकस या शाखेकडे आलं. गंमत म्हणजे आज डेथ कल्टचे सगळ्यात चांगले मारेकरी दिसतात ते याच इन्क्विझिटर लोकांच्या ताफ्यात. पाखंड शोधणारा अधिकारी स्वतःच्या रक्षणासाठी रक्त पिणारे भक्त ठेवतो. त्याच्या कामाचे असेपर्यंत ते पवित्र, नकोसे झाले की पाखंडी, निर्णय त्याचा एकट्याचा.

पाखंडाची भीती मात्र खोटी नाही. केऑसच्या चार देवांपैकी खोर्न हा रक्ताचा आणि कवट्यांचा देव, आणि त्याच्याबद्दल प्रसिद्धच आहे की रक्त कुणाचं वाहतंय याची त्याला पर्वा नसते, ते वाहिलं म्हणजे झालं. मग सम्राटाच्या नावाने सांडलेलं रक्त नक्की कुणाला पोचतं हा प्रश्न उरतोच. जीनस्टीलर कल्ट हे आणखी वेगळं प्रकरण, तिथे परग्रहावरच्या जिवाचा संसर्ग पिढ्यान्पिढ्या माणसांत उतरतो, लोक चार हातांच्या सम्राटाची वाट बघतात आणि त्यांचे तारणहार म्हणून येतात ते टायरॅनिड नावाचे परग्रही जीव, जे त्यांच्यासकट सगळा ग्रह खाऊन टाकतात. १९९५ च्या नेक्रोमुंडा गेममधल्या कॉडॉर घराण्याचा रिडेम्प्शन पंथ मात्र डेथ कल्टच्या जवळचा आहे, पक्के सम्राटभक्त, पण पात्याऐवजी आगीवर विश्वास, पापी दिसला की फ्लेमर, म्हणजे आग फेकणारं शस्त्र.

खऱ्या इतिहासातला जवळचा नमुना म्हणून लोक इराणमधल्या आलमूत किल्ल्याच्या निझारींचं, म्हणजे इस्माइली मुस्लिमांच्या एका पंथाचं, नाव घेतात. त्यांचा नेता हसन-ए-सब्बाहने १०९० मध्ये तो किल्ला घेतला आणि १२५६ मध्ये मंगोलांनी तो पाडला, आणि निझारींचे फिदाई, म्हणजे जिवावर उदार झालेले मारेकरी, खरोखरच खंजीर घेऊन जवळ जाऊन मारायचे. पण त्यांना हशिश देऊन, स्वर्गासारखी बाग दाखवून तयार करायचे या कहाण्या विरोधकांकडून आणि प्रवाशांकडून आलेल्या आहेत. आपल्याकडच्या ठगांची तुलनाही होते, ती मला पटत नाही. १८३० च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांविरुद्ध मोहीम चालवली, १८३६ मध्ये खास कायदा झाला, आणि ठग म्हणजे कालीला बळी देणारा देशभरचा गुप्त पंथ ही कल्पना पक्की झाली ती त्या काळातल्या इंग्रजी कागदपत्रांतून. वाटमारी आणि रुमालाने गळा आवळणं खरं होतं, पण त्यात धर्म किती आणि पोट किती यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही.

गेमच्या टेबलावर डेथ कल्ट ठळकपणे आले २००१ च्या इन्क्विझिटर या गेममधून. त्यात ५४ मिलिमीटरच्या मोठ्या मॉडेलमध्ये सेव्हेरिना आणि सेव्होरा या दोन मारेकरी बहिणी होत्या. २००३ च्या विच हंटर्स पुस्तकात ते मुख्य गेममध्ये घेता यायला लागले आणि २०११ मध्ये ग्रे नाइट्स या साम्राज्याच्या फौजेच्या पुस्तकात इन्क्विझिटरच्या हाताखाली आले, तेव्हा स्वस्तात मिळणारे आणि भयंकर वेगवान म्हणून लोक ते थव्याने घ्यायचे. पहिला वार यांचाच, दोन्ही हातांत पॉवर सोर्ड, म्हणजे ऊर्जेने चिलखत कापणारी तलवार, समोरचं चिलखत असून नसल्यासारखं. पण अंगावर एक साधा फटका बसला तरी तो मारेकरी गेला, त्यामुळे पुढे ढाल घेतलेले क्रुसेडर नावाचे योद्धे उभे करायचे, त्यांनी मार खायचा आणि मागून यांना सोडायचं, ही जोडी त्या काळात खूप चालली.