बाजेची वीण आणि टायफॉइडची गोळी

माझी मावशी चोपड्याकडची. गेल्या पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या सेफिक्झिमच्या गोळ्या लिहून दिल्या. सहाव्या दिवशी अंग निवलं आणि तिने उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून दिल्या. म्हणाली, "ताप उतरी गया, आते गोयी कसाले?"

ती सुतळीच्या बाजेवर पडली होती. मी त्या विणीवरच बोट ठेवलं.

जिवाणूच्या अंगाभोवती अशीच जाळी असते, पेप्टिडोग्लायकनची. आत दाब इतका, की जाळी घट्ट आहे म्हणूनच तो शाबूत राहतो. पण वाढायचं तर जुनी वीण थोडी उसवून नवे धागे घालावे लागतात, त्यांना गाठी माराव्या लागतात. गाठी मारायचं काम काही विकरांचं, म्हणजे एन्झाइमांचं. सेफिक्झिम हे सेफॅलोस्पोरिन गटातलं औषध. त्याच्या रेणूत बीटा-लॅक्टम नावाचं चार अणूंचं ताणलेलं कडं असतं. विकराला ते धाग्याचं टोकच वाटतं. विकर ते धरायला जातं, तसं कडं उघडतं आणि विकरालाच चिकटून बसतं. उसवणं चालूच, गाठी मात्र बंद. शेवटी जाळी फाटते, पाणी आत शिरतं आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी जाळीच नाही, म्हणून त्या वाचतात. (पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.)

या गटाचा जन्मही टायफॉइडशीच जोडलेला आहे. 1945 मध्ये इटलीतल्या सार्डिनिया बेटावर जुझेप्पे ब्रोत्झू या डॉक्टरांनी सांडपाणी समुद्राला मिळतं तिथल्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. तिचा अर्क टायफॉइडच्या जिवाणूंना रोखत होता. पुढे ऑक्सफर्डला अब्राहम आणि न्यूटन या शास्त्रज्ञांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन सी मिळवलं.

आज न्यूमोनिया, लघवीच्या मार्गाचा किंवा कानाचा जंतुसंसर्ग, मेंदूज्वर अशा आजारांत या गटातली वेगवेगळी औषधं वापरतात. साध्या सर्दीवर मात्र ती व्यर्थ, कारण विषाणूला जाळी नसते. काही जिवाणू तर ते कडंच तोडणारं विकर बनवायला शिकलेत. ही मला सगळ्यात मोठी काळजी वाटते.

मावशीने नेमकं विचारलं, "आणि जे विणतच नाहीत, ते?"

तीच तर अडचण. टायफॉइडचे जिवाणू यकृतात, प्लीहेत, आपल्याच पेशींच्या आत दडून बसतात. काही अगदी संथ असतात. ते पुन्हा विणायला लागतील तेव्हा रक्तात औषध हवं, नाहीतर ताप परत उलटतो.

तिने हात लांबवून फळीवरच्या गोळ्या मागितल्या. अजून आठ दिवसांच्या उरल्या होत्या.