मळ्यावरची बिस्किटे आणि निफाडची थंडी : पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवड या भागातील मळ्यांवर थंडी पडली की अनेक घरांत बिस्किटांचा आणि नानकटाईचा घाट घातला जातो आणि पत्र्याचा डबा भरून ठेवला की तो संक्रांतीपर्यंत पुरवला जातो. ही रीत आजी-पणजीपासूनची असल्याचे सांगितले जाते. पण तिचा माग काढू लागले की ती फार मागे जात नाही. बिस्किटाला गव्हाचे पीठ लागते, साखर लागते, थिजणारे तूप लागते आणि वरून-खालून सारखी धग लागते. या गोष्टी गोदाकाठच्या शेतकरी घरात एकदम आल्या नाहीत. एकेक करून, वेगवेगळ्या कारणांनी आल्या, आणि त्यांतली धग तर सर्वांत शेवटी आली.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या पट्ट्यातले रोजचे अन्न बाजरीची भाकरी हेच होते. गहू होता, पण तो काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येणारा, खपली किंवा बक्षीसारखा कडक दाण्याचा गहू होता, आणि तो पुरणपोळीसाठी, पाहुण्यासाठी, लग्नकार्यासाठी राखून ठेवला जाई. हे चित्र पालटले ते पाटाच्या पाण्याने. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा बंधारा १९०७ ते १९११ या काळात बांधला गेला, १९१६ मध्ये दारणा धरण झाले, आणि गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांवर निफाडपासून कोपरगावपर्यंत बागायत उभी राहिली. त्या बागायतीत मुख्य मान उसाचा होता, त्यामुळे पुढे साखर कारखाने आले. पण उसाच्या जोडीने रब्बीत ओलिताचा गहूही येऊ लागला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कल्याणसोना, सोनालिका हे बुटके वाण आल्यावर एकरी उतारा वाढला आणि भाकरीच्या टोपलीत चपातीने रोजची जागा घेतली. निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्राने पुढे काढलेल्या वाणांची त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी ही नावे पाहिली तरी हे पीक या भूमीत किती मुरले आहे, ते कळते.

गव्हाला थंडी लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हाला डिसेंबरातल्या गारव्यात फुटवे भरपूर येतात आणि दाणा भरेपर्यंत थंडी टिकली तर पोते वजनदार होते. निफाडची थंडी तर राज्याच्या बातम्यांत दरवर्षी असते. उत्तरेकडून येणारे कोरडे वारे, निरभ्र आकाश आणि उघडे सपाट रान यांमुळे रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते आणि काही रात्री पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. जी थंडी गव्हाला मानवते तीच द्राक्षाला बाधते. ओझरच्या शिवारात १९२५ च्या सुमारास लागलेल्या पहिल्या बागेपासून या भागात द्राक्ष वाढत गेले, आणि ऑक्टोबर छाटणीचा माल डिसेंबरअखेर भरात असतानाच नेमकी कडाक्याची थंडी येते. मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. म्हणून पहाटे बागेत ओळीओळीने शेकोट्या पेटवून धूर करायचा आणि ठिबक सुरू करून मुळांशी विहिरीचे कोमट पाणी द्यायचे, हा उपाय ठरलेला आहे.

द्राक्षाने आणखी एक गोष्ट केली. फवारणी, राखण, रात्रीबेरात्री येणारी वीज यांमुळे गावातल्या वाड्यात राहून शेती करणे अवघड झाले आणि कुटुंबे मळ्यात राहायला गेली. गावापासून दूर, शेजारच्या वस्तीपासूनही दोन-चार शेतांचे अंतर राखून असलेल्या या घरांत हिवाळा म्हणजे सर्वांत गर्दीचा हंगाम असतो: लाल कांद्याची काढणी, उन्हाळ कांद्याची लागवड, बागेची डिपिंग (द्राक्षघड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे), गव्हाचे भरणे (पाणी देणे). पहाटे चारला उठलेल्या माणसाला न्याहारीपूर्वी चहासोबत काहीतरी हवे असते आणि दुकान दोन-तीन किलोमीटरवर असते. डब्यातली बिस्किटे हे शहरात हौसेचे खाणे असेल. मळ्यात ती सोय आहे.

याच महिन्यांत दूधही सर्वांत जास्त असते. बऱ्याच म्हशी पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून कार्तिकापर्यंत वितात आणि बांधावरचा घास, मका हिरवागार असतो. त्यामुळे लोणी साठते आणि तूप कढवले जाते. नानकटाईच्या दृष्टीने हे तूप फार सोयीचे, कारण ते थंडीत आपोआप रवाळ थिजते. परातीत घेऊन ते तळहाताने फेसताना पहिली काही मिनिटे हाताला बधिरपणा येतो; म्हणून बायका परात अंगणातल्या उन्हात घेऊन बसतात. तूप पांढरेशुभ्र आणि हलके झाले की त्यात पिठीसाखर, मग मैदा, थोडा रवा, थोडे बेसन, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि वेलदोडा-जायफळ. पाणी घालायचे नाही. पाण्याने गव्हातला चिकटपणा जागा होतो आणि नानकटाई खुसखुशीत न होता चिवट होते. तुपाचा लेप पिठाला त्यापासून वाचवतो, आणि बेसनात तो चिकटपणा मुळातच नसतो. हाच गोळा एप्रिलमध्ये केला तर भाजण्यापूर्वीच पसरतो. या खाण्याचा हंगाम हिवाळा का, याचे निम्मे उत्तर या परातीत आहे.

आता हे खाणे आले कुठून? नानकटाईचे मूळ सुरतेला सांगितले जाते. तिथल्या डच वखारीतल्या लोकांसाठी चालणारी बेकरी पुढे पारशी कारागिरांकडे आली आणि तिथून ही चीज मुंबईत पोहोचली, अशी ती हकिकत आहे. सुरत नाशिकला परकी नव्हती. १६७० च्या दुसऱ्या लुटीनंतर शिवाजी महाराजांचे सैन्य याच बाजूने परतले आणि वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी लढाई झाली. नानकटाई मात्र या घाटवाटेने आली असण्यापेक्षा मुंबईहून रेल्वेने आली असावी, असे मला वाटते. १८६५ मध्ये थळ घाटातून लोहमार्ग खुला झाला, देवळालीला गोऱ्या पलटणींची छावणी वसली, आणि छावणी म्हटली की तिच्यामागे पाववाला आलाच.

तरीही हिंदू घरांत भट्टीचा माल शिरायला बराच काळ जावा लागला. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणे ही जातिभेद सोडल्याची खूण मानली जात होती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, तेव्हा उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. नावे छापून आल्यावर एवढा गदारोळ झाला की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताची वेळ आली. पुण्यातल्या पुढाऱ्यांची ही गत, तर गोदाकाठच्या तीर्थक्षेत्री काय असेल, याचा अंदाज करता येतो. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत हा विटाळ आपोआप विरला. त्याला सुधारकांच्या व्याख्यानांइतकाच चहाचा प्रसार कारणीभूत आहे, आणि कारखान्यात बनलेल्या, कागदात बंद बिस्किटाला कोणाचा हात लागला हे दिसत नाही, हेही आहे. पार्ल्याच्या कारखान्यात १९३९ च्या सुमारास ग्लुकोज बिस्किटे होऊ लागली. त्याआधी दोन वर्षे, १९३७ मध्ये, डालडा बाजारात आला होता, आणि तुपाच्या मानाने स्वस्त असलेल्या या वनस्पती तुपाने पुढे बेकरीचे गणितच बदलून टाकले.

त्यातूनच ती पद्धत निघाली जी आज पन्नाशीपुढच्या बहुतेकांना आठवते: सामान आपले, भट्टी बेकरीची. पिंपळगाव, लासलगाव, ओझर अशा बाजारगावांतल्या बेकऱ्यांत, ज्यांपैकी कित्येक मुसलमान कुटुंबांच्या होत्या, घरचे गव्हाचे पीठ, साखर, डालडा आणि दूध घेऊन जायचे आणि किलोवर मजुरी ठरवायची. सकाळचे पाव निघाल्यावर लाकडाच्या भट्टीची धग उतरू लागते, आणि तीच उतरती धग बिस्किटाला हवी असते. म्हणून घरगुती बिस्किटांचा पाळा नेहमी दुपारचा. कारागीर पीठ मळून साच्याच्या मशिनमधून रेघांच्या लांब पट्ट्या काढी, त्या पत्र्यावर कापी, आणि पत्रा लांब दांड्याने आत सरके. घरचे कोणीतरी बाकड्यावर बसून राही. मायेपोटी नव्हे, आपल्या डालड्यातला थोडा दुसऱ्याच्या परातीत जाऊ नये म्हणून. माल निवल्याशिवाय डब्यात भरायचा नाही, नाहीतर वाफ धरून सगळा मऊ पडतो, हे बेकरीवाला प्रत्येकाला नव्याने बजावी. ‘ताई, झाकण उद्या लावा,’ हे वाक्य बहुधा मजुरीतच धरलेले असावे.

मळ्यावरच भाजण्याचे प्रयत्नही तेव्हापासूनचे आहेत. चुलीवर जाड पातेल्यात वाळू तापवायची, तिच्यावर ताटली ठेवायची, झाकणावर निखारे पसरायचे. पुढे गॅस आल्यावर शिट्टी आणि रबर काढलेला कुकर हेच काम करू लागला, त्यानंतर अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला. तो वस्तीवर कधीच नीट रुजला नाही, आणि याचे कारण स्वयंपाकघरात नसून डीपीवर, म्हणजे शेतातल्या विजेच्या रोहित्रावर आहे: शेतीच्या वाहिनीवरील घरांना सिंगल फेजवर विजेचा दाब कमी मिळतो, आणि कमी दाबात कॉइल लाल होण्याआधीच नानकटाई सुकून जाते. सौरपंप आले, इन्व्हर्टर आले, तरी दीड-दोन हजार वॅटचा ओव्हन त्यांना झेपत नाही. त्यामुळे अनेक मळ्यांवर आजही कुकरच चालतो.

गेल्या काही वर्षांत यात दोन बदल झाले आहेत. तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या अपायकारक मेदावर) जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, आणि डालड्यासारख्या वनस्पती तुपाबद्दल लोकांच्या मनात संशय बसल्याने घरचे तूप पुन्हा परातीत आले. दुसरा बदल जिल्ह्याच्या पश्चिमेकडून आला. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या डोंगरपट्ट्यातल्या नागलीची (नाचणीची) बिस्किटे महिला बचत गट करू लागले, आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्याने त्यांना प्रदर्शनांत जागा मिळाली. नागलीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे निव्वळ नागलीचे बिस्कीट हातात घेताच भुगा होते, आणि त्याला बांधून ठेवण्यासाठी बहुतेक जणी त्यात थोडे गव्हाचे पीठ घालतात.