तेरा भागांपासून तीन हजार भागांपर्यंत: लोकप्रिय मालिका का घसरतात

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या आतल्या बाजूला, बाहेरून गोदामासारख्या दिसणाऱ्या शेडमध्ये आणि भाड्याच्या बंगल्यांमध्ये अनेक मालिकांची घरे वसलेली आहेत. ज्या शहरात गडकरी रंगायतनच्या तिकीटखिडकीवर चांगल्या नाटकासाठी आजही रांग लागते, त्याच शहरात या मालिकांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: सुरुवातीला फार छान होती, आता बघवत नाही. ही तक्रार खरी आहे, आणि तिचे खापर लेखकाच्या किंवा कलाकारांच्या माथी फोडणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे. गोष्ट कुठे संपवायची, हे ठरवण्याचा अधिकार गोष्ट लिहिणाऱ्याकडून टप्प्याटप्प्याने काढून घेतला गेला, हे या घसरणीचे मूळ आहे.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या काळातील ‘चिमणराव’ला चिं. वि. जोशी यांच्या कथांचा भक्कम आधार होता, आणि आठवड्यातून एकदा भेटणारे चिमणराव व गुंड्याभाऊ पुढच्या भेटीपर्यंत प्रेक्षकांच्या मनात रेंगाळत असत. 7 जुलै 1984 रोजी ‘हम लोग’ सुरू झाली, तिला प्रायोजक मिळाला आणि प्रायोजित मालिकांचा काळ आला. दूरदर्शन मालिकांना बहुधा तेरा भागांची मंजुरी देई, म्हणजे साप्ताहिक मालिकेचे तीन महिने. पसंती मिळाली तर मुदत वाढे, पण तेरावा भाग कुठे येऊन थांबणार हे लेखकाला पहिल्या भागाच्या वेळीच ठाऊक असे, आणि त्या मर्यादेमुळे कथेला बांधा मिळत असे.

हा बांधा मोडला तो दैनंदिन मालिकांमुळे. ‘दामिनी’ ही मराठीतील पहिली दैनंदिन मालिका मानली जाते. 15 ऑगस्ट 1999 रोजी अल्फा टीव्ही मराठी आणि पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी सुरू झाल्यावर रोजच्या मालिका हा संध्याकाळचा परिपाठच झाला. आठवड्याला एक भाग असताना जे कथानक तीन महिने पुरत होते, ते आठवड्याला सहा भाग या हिशेबाने सव्वादोन आठवड्यांत संपू लागले. जाहिराती वगळून एका भागाची बावीस मिनिटे धरली आणि वर्षाचे सुमारे तीनशे भाग, तर एका वर्षात एकशे दहा तासांचा मजकूर लागतो. दोन-अडीच तासांच्या नाटकाच्या संहितेवर वर्षभर काम करणारी माणसे याच महाराष्ट्रात आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या मागणीचा आकार कळतो.

‘चार दिवस सासूचे’ 2001 मध्ये सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भाग पूर्ण करून 2013 मध्ये संपली. ती सुरू झाली त्याच सुमारास हिंदीत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेत मेलेला नायक मिहिर परत आला आणि मृत्यूदेखील अंतिम नसतो, असा पायंडा पडला. त्यानंतर स्मृतिभ्रंश, हुबेहूब दिसणारी दुसरी व्यक्ती आणि वीस वर्षांची झेप ही साधने सर्रास वापरली जाऊ लागली. प्रेक्षकाने ज्या मरणासाठी खरे अश्रू ढाळले, ते मागे घेतले की पुढच्या कुठल्याच प्रसंगावर त्याचा पूर्ण विश्वास बसत नाही. माझ्या मते मालिकांनी गमावलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

लांबवण्यामागे रोकडा हिशेब आहे. वाड्याचा किंवा बंगल्याचा सेट एकदाच उभारावा लागतो, त्याचा खर्च मात्र जितके भाग जास्त तितका हलका होत जातो. निर्मात्याला आणि लेखकाला मोबदला सहसा दर भागामागे मिळतो, कलाकारांना दिवसामागे. नवी मालिका आणायची तर प्रोमो आणि मोठमोठे फलक यांवर खर्च करूनही ती चालेल याची खात्री नसते. म्हणून चालती मालिका बंद करण्यात कोणाचेच हित नसते. त्यावर साप्ताहिक टीआरपीची, म्हणजे मालिका किती प्रेक्षकांनी पाहिली याच्या आकड्यांची, टांगती तलवार असते. पूर्वी टॅम ही संस्था आकडे देत असे, 2015 पासून बार्क देऊ लागली. गुरुवारी आकडे येतात आणि एखादा ट्रॅक, म्हणजे कथेतला एखादा धागा, पडला असे दिसले की पुढच्या आठवड्यांचे कथानक वळवले जाते. 2015 मध्येच ग्रामीण प्रेक्षकांची मोजणी सुरू झाली आणि ‘तुझ्यात जीव रंगला’सारख्या गावाकडच्या कथांना जागा मिळाली. हा बदल स्वागतार्हच होता, पण त्या कथाही पुढे लांबणीतून सुटल्या नाहीत.

याचा परिणाम सेटवर रोज दिसतो. कलाकार मेकअपला बसलेला असतो तेव्हा त्या दिवसाच्या प्रसंगाची पाने मोबाइलवर येतात. प्रसंग तयार नसेल तर आहे तोच ताणला जातो: दिवाणखान्यात सगळे कुटुंब अर्धवर्तुळात उभे, एकाने एक वाक्य उच्चारायचे आणि कॅमेऱ्याने सासू, नणंद, दीर अशा सहा जणांचे चेहरे एकेक करून, संगीताच्या ठोक्यावर टिपायचे. वाक्य चार शब्दांचे असते आणि वेळ मिनिटभर जातो. एखाद्या नटाने नाटकाच्या दौऱ्याला तारखा दिलेल्या असल्या की त्याची व्यक्तिरेखा अचानक गावी किंवा परदेशी जाते. उरलेली पोकळी दिनदर्शिका भरून काढते. वटपौर्णिमा, मंगळागौर, गणपती, नवरात्र, दिवाळी, संक्रांत हे सण आले की आदल्या दिवशी घर सोडून गेलेली सून पूजेच्या ताटासह पुन्हा उभी असते, कारण प्रायोजकांना सणाचा भाग हवा असतो. सण हे आपल्या जगण्याचे अंग आहे आणि मालिकेत ते यायलाच हवेत. पण ते कथेची कार्यकारणसाखळी तोडून येतात, तेव्हा पात्रांचे स्वभाव सणागणिक बदलतात.

शेवट डोळ्यांसमोर ठेवल्यावर काय साधते, याची उदाहरणेही आहेत. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. ती अजून आवडीने आठवली जाते. इंग्लंडमधील ‘फॉल्टी टॉवर्स’चे 1975 आणि 1979 मध्ये मिळून अवघे बारा भाग झाले. अमेरिकेत ‘लॉस्ट’ भरकटत असल्याची टीका होऊ लागली, तेव्हा तिची अखेर 2010 मध्ये होईल असे 2007 मध्येच जाहीर करून लेखकांना मुदत आखून दिली गेली.

मार्च 2020 मध्ये चित्रीकरण थांबले आणि जुलैत नवे भाग पुन्हा दिसू लागले. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात पुन्हा निर्बंध आल्यावर अनेक मालिकांची युनिट गोवा, दमण, सिल्वासा येथे हलवली गेली आणि पात्रे सहकुटुंब रिसॉर्टवर का राहतात याची कारणे कथेत घाईने शोधावी लागली. अलीकडे मात्र आकडे न जमणाऱ्या मालिका काही महिन्यांतच बंद होऊ लागल्या आहेत. तो निर्णय युनिटला थोडेच आठवडे आधी कळतो, आणि आदल्या महिन्यात लांबवलेली तीच गोष्ट, खलनायिकेच्या पश्चात्तापासह, मोजक्या भागांत आटोपण्याचे काम लेखकाकडे येते.